माझ्याच गाडीवर बसून बाबा माझं मत कापायला गेले

निंबोणी | नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४२

बरेच दिवस लिहू का नको सुरू होतं, आज लिहूनच टाकते. आधीच सांगते, मोदी चांगले का वाईट हा वाद घालायला धागा काढलेला नाही, तो वाद इथे दहा वर्षांपासून सुरू आहे आणि त्यातून कोणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलं नाही. मला विचारायचं ते वेगळंच आहे. ज्या माणसाचा आपल्याला राग येतो तोच देश चालवून राहिला आणि आपल्यावर जीव लावणाऱ्या घरच्या माणसांना तोच देवासारखा वाटतो, तर हा राग ठेवायचा कुठे?

घर नागपुरात मनीषनगरला. बाबा रेल्वेतून रिटायर, वय ७६. २०१४ ला मी पण मोदींनाच मत दिलं होतं, लपवून काय करू. खटकायला लागलं नोटाबंदीपासून, आईने तांदळाच्या डब्यात ठेवलेले साडेअकरा हजार बाहेर काढावे लागले आणि बाबांच्या समोर तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला तेव्हा. पण खरं तुटलं ते मे २०२० ला. हैदराबादकडून पायी येणारी माणसं पांजरीच्या टोलनाक्यावर थांबायची, आम्ही कॉलनीतल्या चारपाच जणी खिचडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जायचो. एक बाई होती, कडेवर दीडेक वर्षाचं लेकरू, पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक निळी आणि एक बाप्याची. रीवाला जायचं म्हणे. किती दूर आहे असं तिने मलाच विचारलं. मी मोबाईलवर बघितलं, पाचशे किलोमीटरच्या आसपास दाखवत होतं, आणि मी खोटं बोलले, दोनशे सांगितलं. ती म्हणाली, फिर तो आ गया.

त्या रात्री घरी आले तर बाबा टीव्हीसमोर. म्हणाले, बाकीच्या देशांपेक्षा आपल्याकडे किती चांगलं सांभाळलं बघ. मी ताट सरकवून उठले. त्या दिवसापासून आमच्यात काहीतरी अडकलेलं आहे.

त्याच्या एक वर्ष आधी, २३ मे २०१९ ला, बाबांनी संत्रा बर्फीचा डबा आणला होता. ३०३ सीटा आल्या म्हणून. माझ्या हातावर एक तुकडा ठेवला, लहानपणी निकाल लागला की ठेवायचे तसाच. मी "नंतर खाते" म्हणून फ्रीजमध्ये ठेवला तो दगड होईपर्यंत तिथेच होता, शेवटी आईने टाकला. आता वाटतं, खाल्ली असती तर काय बिघडलं असतं.

आणि मागच्या वर्षी १९ एप्रिलला मतदान. ऊन असं की डांबर चिकटत होतं. बाबांचा गुडघा दुखतो, ऑटो मिळत नव्हता, म्हणून मीच त्यांना ॲक्टिव्हावर घेऊन गेले. रस्ताभर डोक्यात एकच, की माझ्याच गाडीवर, माझ्याच पेट्रोलवर, हे माझं मत कापायला निघाले आहेत. केंद्रावर त्यांचा हात धरून पायऱ्या चढवल्या. बाहेर आल्यावर दोघांनी बोटं दाखवत सेल्फी काढला. फोटो छान आला आहे.

कोणाला असं होतं का? का मीच वेडी आहे?

झिरोमाईलवाला | रात्री ११:५८

ताई दोघंही घरीच राहिले असते तर हिशोब तोच आणि पेट्रोल वाचलं असतं. नाहीतरी नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपासच मतदान झालं, बाकीच्यांनी कूलरसमोर झोपून देश वाचवला.

मजाक सोडा. आमच्याकडे सेम टू सेम आहे, फक्त मी तुमच्या बाबांच्या बाजूने आणि माझी बायको तुमच्या. आमचा तह झाला आहे, मत "गडकरींना" दिलं म्हणायचं. रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो यावर बोलायचं आणि दिल्लीचं नाव काढायचं नाही. नागपुरातल्या अर्ध्या घरांत हाच तह असेल.

२०२९_ला_या | रात्री १२:१०

लोकांनी तीनदा निवडून दिलं त्याचं दुःख होतं म्हणजे लोकशाहीचंच दुःख होतं. रडगाणं बंद करा आणि २०२९ ला या.

निंबोणी | रात्री १२:१९

निवडून दिलं हे मान्यच आहे हो भाऊ, नाहीतर बाबांना गाडीवर कशाला नेलं असतं. निकाल मान्य असला तरी दुःख होऊ शकते की नाही?

महालचे_आजोबा | सकाळी ६:०५

निंबोणीताई, तुमच्या बाबांच्या वयाच्या जवळपासचा आहे मी. झोप लवकर उघडते म्हणून लिहितो. लांबेल थोडं.

मी आज तुमच्या बाबांच्या बाजूचा माणूस आहे, पण जे तुम्ही लिहिलं ते मी १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत भोगलेलं आहे. माझे वडील शाळामास्तर, जनसंघाचं काम करायचे. २६ जूनला सकाळी रेडिओवर इंदिराजींचं भाषण ऐकलं आणि वडील आईला म्हणाले, माझे दोन सदरे इस्त्री करून ठेव. चौथ्या दिवशी, ३० जूनला, नागपूर स्टेशनावर सरसंघचालक बाळासाहेब देवरसांना पकडलं. आमच्या घरी पोलीस आले जुलैत. मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली, चौदा महिने आत. मी कॉलेजात होतो, बहिणी लहान. पगार बंद. आई शिवणकाम करायची, पण दुकानदार उधार देताना इकडेतिकडे पाहून द्यायचा, की कोणी बघत तर नाही.

राग तेव्हा पोलिसांचा आला नाही एवढा शेजाऱ्यांचा आला. ते म्हणायचे, बघा गाड्या कशा वेळेवर धावून राहिल्या, ऑफिसात बाबू जागेवर सापडते. आणि भिंतीभिंतीवर पोस्टर, अनुशासन पर्व. तो शब्द विनोबांचा, आणि त्यांचा पवनारचा आश्रम म्हणजे आमच्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. लांबच्या माणसाचा शब्द असता तर एवढा लागला नसता. त्यातल्या त्यात बरं वाटलं ते कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाची बातमी कानावर आली तेव्हा. डिसेंबर ७५, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे सरकारातले मंत्री शेजारी बसलेले, आणि बाई आणीबाणीविरुद्ध उभी राहिली. आईने ती बातमी दोनदा सांगायला लावली.

मार्च ७७ चा निकाल. रात्रभर रेडिओ. रायबरेलीत इंदिराजी पडल्या, अख्ख्या उत्तर प्रदेशात आणि बिहारात काँग्रेसला एक सीट नाही. देशभर फटाके. आणि आमच्या नागपुरात? काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले. म्हणजे देश जिंकला आणि आमची गल्ली हरली. वडील सुटून आले होते, अंगणात बसून होते, मी पेढे आणतो म्हटलं तर म्हणाले, कोणाला वाटशील?

त्या शेजाऱ्याशी ते पुढे बोलले नाहीत. ८० ला इंदिराजी परत आल्या तेव्हा तर नाहीच. शेजारी ९३ ला वारला, तेव्हा वडील मातीला गेले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, की आणीबाणीच्या वेळी ह्याने रात्री मागच्या दाराने दोन पायल्या ज्वारी आणून दिली होती. हे त्यांना आईने तेव्हाच सांगितलं होतं. सोळा वर्षं माहीत होतं आणि सोळा वर्षं बोलले नाहीत.

ताई, बर्फी खाऊन टाकत जा.

झिरोमाईलवाला | सकाळी ८:३१

काका, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलं.

इंदोरा_चौक | सकाळी ९:१४

आजोबा, तुमचं लिखाण मनापासून वाचलं आणि तुमच्या वडिलांना नमस्कार. पण एक विचारू? ज्या माणसाने एवढं भोगलं त्याला आज कोणावर जरा काही लिहिलं की गुन्हा दाखल होते हे दिसत नाही का? तेव्हा सगळ्या देशाला एकदम कुलूप लावलं म्हणून दिसलं, आता एकेका दाराला लावून राहिले.

महालचे_आजोबा | सकाळी ९:४०

दिसते की. पण मिसा आणि आत्ताचं मी एका तराजूत टाकणार नाही, तुम्ही टाकाल. आपण दोघंही इथे उघडपणे लिहून राहिलो, तेव्हा पोस्टकार्डावरही लिहिता येत नव्हतं.

इंदोरा_चौक | सकाळी १०:०२

टोपणनावाने लिहून राहिलो आजोबा, ते पण बघा.

धागाचालक | सकाळी १०:२०

इथपर्यंत छान चाललं आहे. १९७५ विरुद्ध आत्ता यासाठी वेगळा धागा आहे, तिथे सहाशे प्रतिसाद झालेले आहेत, हौस असेल त्यांनी तिकडे जावं. इथे मूळ प्रश्नावर रहा. "२०२९_ला_या" यांचे मधले दोन प्रतिसाद उडवले आहेत, कारण त्यांना माहीत आहे.

इंदोरा_चौक | सकाळी ११:३७

ठीक आहे, मूळ प्रश्न. निंबोणीताई, आमच्या वस्तीत हा राग नवा नाही, पिढ्यांचा आहे, म्हणून त्याला ठेवायच्या जागा पण आम्हाला जरा जास्त माहीत आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एकच विषय, चारशे पार झाले तर भाजपवाले संविधानाला हात लावतील. ते म्हणत होते आम्ही असं काही करणार नाही, पण भीती भीती असते. माझी आजी, वय ८४, सही येत नाही, ती रोज विचारायची, आज काय म्हणून राहिले ते? निकालात २४० वर थांबले तेव्हा तिने देवळीतल्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि जेवायला बसली. आनंद वगैरे नाही, हुश्श झालं फक्त. आणि नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा सगळं उलटं झालं.

तेव्हा मी लय खचलो होतो. घरात बसून मोबाईल वरखाली करायचो. आमच्या बौद्ध विहारात एक रिटायर्ड मास्तर संध्याकाळी पोट्ट्यांना फुकट शिकवतात, ते म्हणाले, तू हरला म्हणून बसला का? बाबासाहेब किती वेळा हरले मोज. मी खरंच मोजलं. २७ सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिल अडवलं म्हणून कायदामंत्रीपद सोडलं. १९५२ ला पहिल्याच लोकसभेत मुंबईतून पडले. १९५४ ला पोटनिवडणुकीत पडले, आणि ती कुठली? भंडाऱ्याची! इथून साठ किलोमीटर. म्हणजे ज्या माणसाने मतदानाचा हक्क लिहून दिला त्याला आपल्याच भागातल्या लोकांनी मत दिलं नाही. आणि त्यानंतर अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६, ह्याच नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोक. तोवर तब्येत पार ढासळलेली होती, पुढे दोन महिनेही नाही जगले.

राग कुठे ठेवायचा म्हणता ना, मी आता आठवड्यातून तीन दिवस त्या मास्तरांसोबत आठवीच्या पोरांना गणित शिकवतो. त्याने सरकार पडत नाही, मला माहीत आहे. पण सातला क्लास असला की साडेसातच्या डिबेटचा आवाज ऐकू येत नाही.

अजून एक. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगून ठेवलं, की धर्मातली भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. हे मी दुसऱ्यांना ऐकवत फिरायचो. मास्तरांनी विचारलं, आणि तू ज्यांना मानतो त्यांची भक्ती करत नाहीस ना? चूप बसलो.

एडिसनकर | दुपारी १२:५५ (आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली आहे)

मूळचा धरमपेठेचा, १९ वर्षं न्यू जर्सीत, आता तिथलाच नागरिक. निंबोणी, तुझं वाचून हसू पण आलं आणि पोटात पण कालवलं, कारण मी तुझ्या बाबांसारखा पण आहे आणि तुझ्यासारखा पण. भारतात मला मोदी आवडतात. अमेरिकेत मी ट्रम्पच्या विरोधात मत दिलं. इंदोरा_चौक आता तुटून पडतील माझ्यावर, पडा, पण आधी ऐका.

५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री मी टीव्हीसमोर होतो आणि अकरानंतर पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे हवापाण्यावर बोलत होते, जशी घरात मयत झाली आणि कोणी विषय काढू नये. माझा शेजारी, गोरा म्हातारा, एकटाच राहतो, त्याच्या लॉनवर ट्रम्पची पाटी. हाच माणूस मी भारतात गेलो की माझ्या दारासमोरचा बर्फ काढतो, माझी टपाल सांभाळतो, माझ्या पोरीला सायकल त्यानेच शिकवली. आणि ह्याच माणसाने त्या माणसाला मत दिलं जो म्हणते की बाहेरून आलेल्यांनी देश बिघडवला. मी एकदा विचारलंच. तो म्हणाला, अरे ते तुझ्याबद्दल नाही. त्याला खरंच वाटते की ते माझ्याबद्दल नाही!

यंदा २० सप्टेंबरला, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, माझा मेहुणा नागपुरात वडिलांच्या श्राद्धाला आलेला. सकाळी उठून बघतो तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर फी, आणि कंपनीचा मेल की ताबडतोब परत या. अर्धं गाठोडं इथेच टाकून विमानतळावर पळाला, मुंबईपर्यंत पोचला तेव्हा खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना लागू नाही, फक्त नव्या अर्जांना. श्राद्ध राहिलं ते राहिलंच. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या त्या राजाला सांगा आमचे पितर उपाशी गेले.

मी १८ ऑक्टोबरला ट्रम्पविरोधी "नो किंग्स" च्या मोर्च्यात गेलो होतो, आयुष्यातला पहिला मोर्चा, वय ४७. हातात पाटी धरून इतकं अवघडल्यासारखं झालं की काय सांगू, पण परत येताना जेवण गेलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवलो. राग गेला नाही, पण एकट्याचा राहिला नाही.

इंदोरा_चौक | दुपारी १:१८

भाऊ तुटून नाही पडत, एकच विचारतो. तिथे तुम्ही बाहेरचे म्हणून तुम्हाला जे वाटते, ते इथल्या कोणाला वाटत असेल असं कधी मनात आलं का?

एडिसनकर | दुपारी १:३०

आलं. मागच्या वर्षभरातच आलं, आधी नव्हतं आलं. यापेक्षा जास्त आज लिहिता येणार नाही, झोपतो.

कपाशीवाला | दुपारी ३:४७

ताई तुमाले राग येते हे वाचून बरं वाटलं, पण मले एक सांगा, तुमच्याकडं रागवाले टाइम हाये बाप्पा. आमी काटोलकडचे. ऐन पोळ्याच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून, परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, पहिले म्हणे सप्टेंबरपर्यंत, मंग डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमचा कापूस घरी येते कवा? दिवाळीच्या आगंमागं. म्हणजे आमचा माल निघाले आन बाहेरचा माल येवाले एकच मुहूर्त. कागदावर हमीभाव लांब धाग्याले ८११० रुपये, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, सेंटरवर ओलावा १२ टक्क्याच्या वर भरला का गाडी वापस, आन यंदा पाऊस दिवाळीपर्यंत पिच्छा सोडत नव्हता तर कापूस वाळवाव कुठं, डोक्यावर?

आता खरी गंमत. माह्या लहान्या भावाचं वावर माह्या वावराले लागून, मधात एक धुरा. त्याचंबी तेवढंच नुकसान, एका पैशाचा फरक नाही. तो म्हणते, ट्रम्पनं टॅरिफ लावला म्हणून साहेबाले करा लागलं, साहेब काय करन? मी म्हणतो, साहेबानं केलं म्हणून साहेबाले विचार. नुकसान एक आन दोषी दोन. पोळ्याले बैल दोघानं मिळून धुतले, शिंगाले बेगड त्यानं लावला, झूल म्या टाकली, आन सगळा वेळ एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यलं नाही. बैलाले वाटलं असन हे काहून चूप हायेत.

मागच्या महिन्यात वर्धा रोड जाम झाला होता कर्जमाफीसाठी तवा तुमच्या नागपूरवाल्यानं लय शिव्या देल्ल्या आमाले, ऑफिसले उशीर झाला म्हणून. त्याच्यात तुमीबी होत्या का ताई?

निंबोणी | संध्या ५:१०

होते भाऊ. दीड तास अडकले होते आणि मनातल्या मनात भरपूर बोलले. खोटं नाही सांगत.

टेकडी_रोडवरची | संध्या ५:३३

मी अंगणवाडी सेविका आहे, जास्त लिहिता येत नाही. आमचा राग दर डिसेंबरला हिवाळी अधिवेशनात निघतो. बाकी महाराष्ट्राच्या लोकांना वाटते नागपूरले अधिवेशन म्हणजे संत्री आणि हुरडा. आम्हाले ते टेकडी रोडचे नाहीतर मॉरिस कॉलेज टी पॉइंटचे मोर्चा अडवायचे कठडे. तिथून पुढे जाऊ देत नाहीत. एका वर्षी रात्री रस्त्यावरच झोपलो, थंडी अशी की हाडं वाजली. ड्युटीवरची एक पोलीस बाई हळूच म्हणे, ताई माझी आई पण सेविका आहे, आणि तिने तिचा थर्मास देला. पण कठडा काही बाजूले केला नाही, तिची नोकरी आहे.

त्या रस्त्यावर माझ्या बाजूले बसलेल्या बाया सगळ्या पक्षाच्या असतात. मानधनाचा विषय असला की कोणी कोणाले विचारत नाही की मत कोणाले देलं. घरी गेल्यावर विचारतात.

बुधवारीचा_पोट्टा | संध्या ७:२०

इतके नागपुरी जमले आणि मारबतीचं नाव कोणीच काढलं नाही? अरे राग कुठे ठेवायचा हे आपल्या गावाने १८८१ मध्येच ठरवलं आहे बे!

बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा, पोट्टे लाकडी बैल घेऊन फिरतात, आणि त्याच दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. काळी म्हणजे भोसले घराण्यातली बांकाबाई इंग्रजांना मिळाली त्याचा राग, असं आमच्याकडे सांगतात. विचार करा, राज्य करणाऱ्या घरातल्या बाईचा पुतळा करून भर बाजारातून फिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. आणि सोबत बडग्ये, म्हणजे बाप्यांचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या वर्षी ज्याचा राग त्याचा बडग्या. यंदा २३ ऑगस्टला ट्रम्पचा निघाला, टॅरिफमुळे. एडिसनकर भाऊ, तुमचा राजा आमच्या इतवारीतून फिरून गेला.

आमची आजी गच्चीवरून ओरडायची, "खोकला, खरूज, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि त्याच दमात "त्या नगरसेवकाले घेऊन जा गे!" वर्षभराचं एका दिवसात बाहेर. संध्याकाळी सगळं जाळून घरी आलो की आजी आंघोळ करून भजी तळायची. तेव्हा नगरसेवकाचा बाप आमच्याकडेच भजी खायला यायचा हे वेगळं.

फक्त निंबोणीताईचं दुखणं त्यात बसत नाही. बापाचा बडग्या कसा करणार?

२०२९_ला_या | संध्या ७:४८

मारबतीवर सहमत. पहिल्यांदाच. आणि ताई, रात्री जरा जास्त बोललो. आमच्या घरी माझा पोरगा तुमच्यासारखा आहे, पुण्याला असते. तीन महिने झाले, फोन आईलाच करतो. त्याचा राग तुमच्यावर निघाला.

निंबोणी | संध्या ८:०५

भाऊ तुम्ही करा ना फोन. राजकारण सोडून काहीतरी विचारा, जेवला का विचारा.

२०२९_ला_या | संध्या ८:०९

बघतो.

निंबोणी | दुसऱ्या दिवशी, दुपारी २:२६

सगळ्यांचं दोनदा वाचलं. प्रत्येकाला उत्तर देत नाही, पण आजोबांची ज्वारी रात्रभर डोक्यात होती. आज काय झालं ते सांगते.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. सकाळी बाबांना परत ॲक्टिव्हावर घेतलं आणि एका बँकेत गेलो. ही गर्दी. सगळे म्हातारे मफलर बांधून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, जिवंत आहोत हे सांगायला आलेले. बाबांचा नंबर आला, बोट मशीनवर ठेवलं, नाही लागलं. दुसरं ठेवलं, नाही. अंगठा पुसला, ओला केला, क्लार्क म्हणाला जरा जोरात दाबा काका. रेल्वेत पस्तीस वर्षं लोखंड हाताळलेले हात, त्याच्यावर रेषा राहिल्या कुठे! पाचव्या वेळी बाबा भडकले. म्हणाले, "अरे जिताजागता माणूस समोर बसला आहे आणि तुमचं मशीन म्हणते नाही? कोणी काढलं रे हे?"

आणि मग एकदम चूप झाले. माझ्याकडे बघितलंच नाही. मी बाजूलाच उभी होते त्यांची पिशवी धरून. अकरा वर्षांत एवढा सोपा कॅच मला मिळाला नव्हता. तोंडातून डिजिटल इंडिया निघालंच होतं, दात आवळून धरले. शेवटी डोळे स्कॅन करायचं मशीन आणलं, ते लागलं, बाबा सरकारी रेकॉर्डवर जिवंत झाले.

परत येताना कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोहे खायला थांबलो. पोहे यायच्या आधी बाबा म्हणाले, "बोलून टाक. केव्हाची दाबून आहेस, पोटात दुखेल."

मग मी बोलले. मशीनचं बोलले आणि गाडीला किक लागल्यासारखं पांजरीपर्यंत गेले, त्या बाईच्या चपला, पाचशेचे दोनशे सांगितले ते, सगळं. मी हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, पाच वर्षांत, मला वाटत होतं सांगितलं आहे. ते ऐकत होते. मध्ये एकदा "सरकार तरी काय करणार होतं" म्हणायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. मग बराच वेळाने विचारलं, ती पोचली असेल का गं?

मला कुठे माहीत.

मत त्यांचं बदललेलं नाही, माझं पण नाही. पोहेवाल्याला म्हणाले, हिच्या प्लेटमध्ये तर्री कमी टाक, हिला ॲसिडिटी होते.

झिरोमाईलवाला | दुपारी २:४१

तर्री कमी??? ताई ह्याच्यावर मात्र मी बाबांच्या विरोधात.

कपाशीवाला | दुपारी ३:०२

ठेला कोणता ते सांगा ना. सोमवारी कापसाची गाडी घेऊन येऊन राहिलो, भाऊबी संग हाये.